झोपलंय ते

“हळू बोल गं. झोपलंय ते.”

असं म्हणून म्हातारीनं ओठांवर बोट ठेवलं, आणि मांडणीवाली जागच्या जागी गप्प झाली. का गप्प झाली ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. ती दिवेवालीला हाक मारून सांगत होती, की बाई गं, हा पांढरा दिवा परत ने, डोळ्यांत खुपेल. आणि फर्निचरच्या दुकानात भर दुपारी मोठ्यानं हाक मारायची कुणाला चोरी आहे? समोर होती ती नमुन्याची खोली. त्या खोलीतली बाळाची खाट नमुन्याची, खाटेतली गादी नमुन्याची, आणि दुलईखालचा तो गोंडस उंचवटा म्हणजे एका टॉवेलची गुंडाळी, जी तिनंच सकाळी मांडीवर घेऊन वळली होती. हे सगळं ठाऊक असूनसुद्धा तिनं आवाज खाली आणला आणि अपराध्यासारखं “हो का?” म्हणाली. म्हातारी नीटनेटकी होती. करड्या रंगाचा कोट, दोन्ही हातांत घट्ट धरलेली पर्स, चापून बसवलेले केस. वेडीबिडी म्हणावं तर तसं काहीच दिसत नव्हतं. तिनं कठड्यावरून वाकून पाहिलं, बाळाकडे बघताना बायकांचा चेहरा होतो तसा तिचा झाला, “नाक कुणाचं घेतलंय कुणास ठाऊक,” असं पुटपुटली आणि चवड्यांवर चालत जेवणाच्या टेबलांकडे निघून गेली. मांडणीवालीला हसू यायला हवं होतं. आलं नाही. तिनं दुलईखाली हात घातला. टॉवेल ऊबदार होता. वरच्या दिव्यानं तापला असेल, तिनं स्वतःची समजूत घातली, आणि मग ध्यानात आलं की दिवा अजून लावलाच नव्हता. तो हातात धरून दिवेवाली मघापासून मागं उभी होती. त्याच वेळी तिच्या पोटातल्यानं अशी काही उसळी मारली की तिला कठडा धरावा लागला.

“काय झालं गं?” दिवेवालीनं विचारलं.

“काही नाही. लाथा मारतंय.”

“बघ बाई! भाडं नाही, काही नाही, वर लाथा.”

दोघी हसल्या, आणि तेवढ्यापुरता तो विषय मिटला. मिटला म्हणायचं. कारण संध्याकाळी घरी जाताना, रस्त्याच्या कडेनं साचलेली कोरडी पानं पायांनी उडवत चालताना, तीच ऊब पुन्हा पुन्हा तिच्या तळहाताला लागत होती. हे काम ती कितीतरी वर्षं करत आली होती. दुकानात रिकाम्या जागा असत, तीन बाजूंनी भिंती आणि चौथी बाजू गिऱ्हाइकांसाठी उघडी. त्यांत खाटा, टेबलं, पडदे, दिवे मांडून खोल्या उभ्या करायच्या. तिला हे शिकवलं ते मास्तरांनी. मास्तर म्हणजे दुकानातले जुने मांडणीवाले, लुकडे, तोंडात कायम चार टाचण्या धरून बोलणारे. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. “खोलीत माणूस दाखवायचा नाही. माणूस नुकताच उठून गेला, एवढंच दाखवायचं.” म्हणून मग उघड्या पुस्तकावर पालथा चष्मा, आणि पुस्तकाची पानं मागून चिकटवलेली. म्हणून कपाच्या तळाशी तपकिरी रंगाचा एक थेंब वाळवलेला. म्हणून खाटेजवळ चपलांचा जोड, त्यातली एक जराशी पुढं. चादर मात्र आरशासारखी हवी. ती खालून ताणून घ्यायची आणि टाचण्या गादीत तिरक्या रोवायच्या, डोकी आत, कुणाला दिसता कामा नयेत. बाळाच्या खाटेतली गुंडाळीसुद्धा टाचायची, कारण गिऱ्हाइकांना बोटं लावल्याशिवाय चैन पडत नाही. “आणि मास्तर, तो उठून गेलेला माणूस परत आला तर?” तिनं नवी असताना एकदा गमतीनं विचारलं होतं. मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या, तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, “येणार नाही अशी मांड. आला तर सगळं विस्कटेल.” ती खूप हसली होती तेव्हा. मास्तर हसले नव्हते.

आता तिच्या मनगटावर टाचण्यांची छोटी उशी कायम बांधलेली असे, घड्याळासारखी. पुष्कळदा ती काढायची विसरून ती तशीच घरी जाई, आणि दारात नवऱ्यानं मिठी मारली की तो कळवळून मागं सरके. “कुठं जन्माला आलीस गं काटेरी बाई,” म्हणायचा. नवरा बेकरीत भट्टीवर होता. पहाटे जायचा आणि दुपारी यायचा, भुवया पिठानं पांढऱ्या, अंगाला भाजल्या पिठाचा वास, आणि येताना कागदात गुंडाळलेला एक पाव, जो अजून श्वास घेतोय असं वाटावं इतका गरम. तो बसेल तिथं पीठ सांडायचा. खुर्चीवर पांढरी मांडी उमटायची, दाराच्या मुठीवर पांढरी बोटं. ती फडकं घेऊन त्याच्या मागं मागं. तो म्हणायचा, “मी मेल्यावर माझा काही पत्ता लागायला नको, अशी तुझी तयारी चाललीय.” ती म्हणायची, “आधी पाय पूस.” खरं सांगायचं तर तिला हे सगळं अतोनात आवडत होतं. बरण्या उंचीप्रमाणे लावणं आवडत होतं. टेबलाला तेल लावून दुपारच्या तिरप्या उन्हात ते चमकताना बघणं आवडत होतं. समोरच्या झाडाची पानं पिवळी पडून एकेक गळायला लागली होती, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की त्या झाडावर काही उरणार नाही तोपर्यंत तुमच्या मांडीवर कुणीतरी असेल. तेव्हापासून ती रोज सकाळी चहा घेऊन खिडकीशी उभी राहायची आणि झाड आणखी जरा उघडं झालेलं बघून तिच्या पोटात गुदगुल्या व्हायच्या. दोन बोटं जेमतेम शिरतील अशा बाह्यांचे सदरे धुऊन दोरीवर घातले की वाऱ्यानं ते फुगायचे, आणि ती उगाच त्यांना “दम धरा” म्हणायची. अशी सुखी बाई कशाला घाबरेल? पण सुख नवं असलं की माणूस ते पुन्हा पुन्हा चाचपून बघतं, आणि कुठं ना कुठं बोट अडकतंच.

तिला घर मांडण्याची हौस का होती याचं कारण लपलेलं नव्हतं. वडील पुलांच्या कामावर होते. पूल झाला की पुढच्या नदीवर. दर वेळी नवं गाव, नव्या खोल्या, आणि भिंतीला लावून ठेवलेल्या त्याच लाकडी पेट्या. आई पेट्या उघडायची नाही. “कशाला उघडायच्या? पुन्हा बांधायच्याच आहेत.” वापरापुरती चार भांडी, दोन चादरी. चांगल्या कपबश्या, नक्षीचे पडदे, आजीनं दिलेलं टेबलाचं कापड, सगळं भुश्शात झोपलेलं. लहानपणी ती पेटीवर कान ठेवून पडून राहायची. तिला वाटायचं, खरं घर आत आहे. आत टेबल मांडलेलं आहे, पडदे लावलेले आहेत, आणि आतली माणसं बाहेरच्यांची वाट बघताहेत. एकदा तिनं आईला विचारलंही, “आतली माणसं जेवली असतील का गं?” आईनं कपाळावर हात मारून घेतला. वडील गेल्यावर शेवटी त्या पेट्या उघडल्या तेव्हा सगळं नवंकोरं निघालं. एका कपालासुद्धा तडा नव्हता. आईनं एक कप हातात घेतला, बराच वेळ फिरवून फिरवून बघितला आणि परत भुश्शात ठेवून दिला. तेव्हाच तिनं मनाशी ठरवलं होतं, की माझ्या घरात काही बांधून ठेवायचं नाही, सगळं बाहेर, सगळं मांडलेलं. आणि मग मिळालं हे काम, आणि मास्तरांचा हात तिच्या हातात उतरला.

म्हणून बाळाची खोली तिनं जिवाचं रान करून सजवली. लहानशीच खोली, पूर्वी अडगळ ठेवायचे तिथं. भिंतींना फिकट हिरवा रंग, खिडकीला दुहेरी पडदा, आणि दाराआडच्या कोपऱ्यात खाट. एका रविवारी दुपारी नवरा झोपला होता, स्वयंपाकघरात तिनं चहा ठेवला होता, आणि आधण येईपर्यंत वाळलेले सदरे ठेवून येऊ म्हणून ती त्या खोलीत गेली. ऊन खाटेवर पडलं होतं. वाऱ्यानं आत आलेलं एक पान जमिनीवर हळूहळू सरकत होतं. तिनं सदरे कप्प्यात ठेवले, चादरीवरून एक हात फिरवला. पुढचं तिला आठवतं ते करपट वासाचं. धावत स्वयंपाकघरात गेली तर भांड्यातलं सगळं पाणी आटून तळ काळा पडला होता, आणि टेबलावरचं ऊन भिंतीवर चढलं होतं. “डोळा लागला वाटतं उभ्या उभ्या,” ती नवऱ्याला म्हणाली. तो जांभई देत म्हणाला, “गरोदर बाईनं झोपावंच. माझा पिवळा टॉवेल कुठंय?” टॉवेल सापडला नाही. तो टॉवेल म्हणजे नवऱ्याचा जीव की प्राण. लग्नाआधीचा, काठ विरलेला, कितीही धुतला तरी पिठाचा वास न जाणारा. त्यानं दोरीवर बघितलं, स्वतःच्या खाटेखाली बघितलं, तिच्यावर संशय घेतला. “फेकलास. खरं सांग. मागं लागलीच होतीस तू त्याच्या.” तिनं बाळाची शपथ घेतली. खरंच तिनं फेकला नव्हता.

त्या दिवसापासून ते सुरू झालं. ती बाळाच्या खोलीचं दार उघडून उंबऱ्यावर उभी राहिली की पोटातलं एकदम थांबायचं. सकाळपासून उड्या मारणारं, दुकानात तर धिंगाणा घालणारं ते पोर, त्या दारात आलं की दगड. आधी तिला वाटलं, भास. मग तिनं मुद्दाम करून बघितलं. स्वयंपाकघरात: लाथ. बैठकीत: लाथ. दार उघडून पुढं पाऊल टाकलं: काही नाही. श्वास कोंडून कुणीतरी भिंतीला टेकून उभं असावं, तसं गप्प. ती घाबरून मागं सरकली आणि दार लावून घेतलं, आणि मग ते लावलेलंच ठेवायला लागली, धूळ जाऊ नये म्हणून, असं सांगून. नवऱ्याला तिनं सांगितलं तेव्हा तो पावाचा कडक भाग चघळत होता. “माझ्यासारखंच आहे,” तो म्हणाला. “चांगल्या खोलीत बसायला भितंय. मला तरी कुठं धीर होतो आत जायला? बसलो तर डाग पडेल.”

“मी चेष्टा करत नाहीये.”

“मीही नाही,” तो म्हणाला, आणि क्षणभर खरंच हसला नाही.

डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं. खोलीभर घोडदौड ऐकू आली. “मस्त ठोके आहेत. तुमच्यापेक्षा तेच धीट आहे,” असं म्हणून त्यांनी तिच्या गालावर टिचकी मारली. खोलीचं सांगावं असं तिच्या ओठांवर आलं होतं, पण म्हणणार काय? डॉक्टर, याला आमचं घर पसंत नाही? सांगणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. ती निमूट दुकानात गेली. आणि दुकानात, त्या तीन भिंतींच्या खोटारड्या खोलीत पाऊल टाकताच पोर असं नाचायला लागलं की तिला खुर्चीवर बसावं लागलं. ती खाटेकडे बघत राहिली. काल संध्याकाळी तिनं गुंडाळी उताणी ठेवली होती, दुलईची घडी छातीच्या जागी. आता उंचवटा कुशीवर वळलेला होता. पाठ बाहेर, गुडघे पोटाशी. झाडणारी मावशी पलीकडे खुर्च्यांखालून झाडू फिरवत होती. तिला हाक मारून विचारलं, “मावशी, हे तुम्ही हलवलंत का?”

“मी कशाला हात लावू बाई? मी तर तिथं झाडूसुद्धा हळूच मारते.”

“हळू का?”

मावशी गोंधळली. झाडू भिंतीला टेकवून पदराला हात पुसत म्हणाली, “आता का म्हणून काय सांगू? सगळेच हळू चालतात तिथून.” आणि खरंच होतं ते. मांडणीवालीनं त्या दिवशी लक्ष ठेवलं. दणादण पावलं वाजवत येणारे पुरुष त्या खोलीसमोर आले की आवाज खाली आणत. बायका मुलांचे हात दाबत. दुकानातल्या इतक्या खोल्यांमध्ये एकटी हीच खोली अशी होती की जिथं लोक किमतीची चिठ्ठी बघायच्या आधी खाटेत बघत. तिला वाटलं, मी मांडली ही. इतकी चांगली मांडली की आता इथं कुणीतरी राहायला आलंय. आणि घरी मांडली तिथं मात्र येणारं थबकतंय. या विचाराला ती मनातल्या मनात खूप रागावली. म्हणाली, वेडाबाई, डोहाळे लागतात तसं हे खूळ लागलंय तुला, मूल झालं की जाईल. पण त्याच दमात दुसरा विचार यायचा: आणि ते इथंच राहायचं म्हणालं तर? माझ्या पोटातून निघून जे यायचं ते इथं आलं, आणि घरी मी नेली ती गुंडाळी, तर? हा प्रश्न तिला दिवसभर पुरायचा. भाजी चिरताना, पडद्याची कड शिवताना, झाडाकडे बघताना. झाड आता जवळजवळ रिकामं झालं होतं. उरलेली पानं वारा आला की खडखडायची, आणि तिला गुदगुल्या व्हायच्या बंद झाल्या होत्या.

रजेच्या आदल्या दिवशी दुकानाच्या मालकांनी सांगितलं, ती बाळाची खोली उतरवा, तिथं आता अभ्यासाचं टेबल लावायचंय. म्हणजे तिनंच उतरवायची. जित्याची खोड म्हणतात तसं, मांडलेलं उतरवायची वेळ आली की तिच्या हातांना घाई सुटायची. त्या दिवशी मात्र हात जड झाले. तिनं दुलई काढली. गुंडाळी निघाली, साधी, दुकानाचा शिक्का असलेली, कुशीवर वगैरे काही नाही, मधून जरा दबलेली. तिनं एकेक टाचणी उपटून मनगटावरच्या उशीत खोचली. टॉवेल उलगडला. त्यात काय असणार? काही नव्हतं. तरी उलगडताना तिनं मान फिरवली होती. चादर निघाली, गादी निघाली, खाटेचे कठडे सुटे होऊन गोदामात गेले, आणि त्या जागी जमिनीवर चार पायांचे चार ठसे उरले. मावशी ते पुसायला आली आणि तशीच उभी राहिली. तेवढ्यात मागून आवाज आला. “अगं बाई, कुठं गेलं?”

करड्या कोटातली म्हातारी होती. पर्स तशीच दोन्ही हातांत. ती घाबरलेली दिसत होती, खरीखुरी घाबरलेली, गर्दीत मूल हरवलेल्या बाईसारखी. मांडणीवालीला म्हणता आलं असतं, आजी, तो टॉवेल होता हो. दिवेवालीनं तसंच म्हटलं असतं आणि वर हसली असती. पण म्हातारी तिच्या पोटाकडे बघत होती. “घरी नेलंस का?” तिनं विचारलं. “नेलंस ना घरी?”

“हो,” मांडणीवाली म्हणाली.

म्हातारीचा चेहरा सैल पडला. “बरं केलंस. दुकानात ठेवू नये गं. केव्हापासून सांगीन म्हणत होते.” तिनं पुढं होऊन मांडणीवालीच्या पोटावर नाही, तर मनगटावर हात ठेवला, टाचण्यांच्या उशीवरच, आणि टोचलं असणार, पण तिनं हात काढला नाही. “आता गजबजाट ठेव घरात. नाहीतर ती झोपूनच राहतात.” एवढं बोलून ती निघून गेली. मांडणीवालीला तिच्या मागं जावंसं वाटलं, विचारावंसं वाटलं, की तुमचं कुठं आहे, तुम्ही कुणाला शोधत दुकानं फिरता. पण पाय उचलला नाही. दिवेवालीनं जाता जाता डबाभर बिस्किटं हातात कोंबली, मावशीनं तोंडावरून हात फिरवला, आणि ती रजेवर म्हणून दुपारीच दुकानाबाहेर पडली. पोटात काही हालत नव्हतं. रस्त्यावरसुद्धा नाही. ती चालताना हळू आवाजात म्हणत होती, “ए, काय झालं? ए राजा, रुसलास का?” कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं तिच्याकडे वळून बघितलं. ती चालतच राहिली. पानं पायांखाली चुरचुरत होती आणि तिला वाटत होतं, आपण हो म्हणालो. कशाला हो म्हणालो?

जिन्यातच तिला नवऱ्याची किंकाळी ऐकू आली. “आई गं!” मग काहीतरी पडल्याचा आवाज. तिनं दार ढकललं. तो बैठकीत नव्हता, झोपायच्या खोलीत नव्हता. बाळाच्या खोलीचं दार उघडं होतं. तो खाटेशी उभा होता, कामाच्याच कपड्यांत, पायांखाली पांढरे ठसे, आणि उजव्या हाताचं बोट तोंडात. जमिनीवर कागदात गुंडाळलेलं काहीतरी पडलं होतं. “मी म्हटलं उद्यापासून तू घरी,” तो बोट न काढताच म्हणाला, “गंमत म्हणून एक पिटुकला पाव केला होता. त्याच्या खाटेत ठेवणार होतो. म्हटलं, बायको हसेल.” तो थांबला. त्याचा चेहरा पिठामुळे पांढरा होता की कशामुळे ते कळत नव्हतं. “दुलई वर आली होती. मला वाटलं... जाऊ दे. काय वाटलं ते विचारू नको. मी उचलायला गेलो.”

ती पुढं झाली. खाटेत, फिकट हिरव्या दुलईखाली, कुणीतरी कुशीवर झोपलं होतं. पाठ बाहेर, गुडघे पोटाशी. दुलईची घडी खांद्यावर बरोबर जशी हवी तशी. उशीला एक खळगा, डोकं नुकतंच उचलल्यासारखा. खाली लोकरीचे मोजे, त्यातला एक जरासा पुढं. इतकी सुंदर मांडणी तिनं जन्मात केली नव्हती. तिनं दुलई ओढली. पिवळा टॉवेल होता, काठ विरलेला. तिनं तो उचलायला बघितला तर येईना. गादीला टाचलेला होता. तिनं चादर वर केली. चादरीखाली, सगळ्या कडांनी, टाचण्या. तिरक्या, एकसारख्या, डोकी आत. बोट फिरवलं तरी लागू नयेत अशा, आणि अंग टेकलं की लागाव्यात अशा. हात तिचा होता. हा हात दुसऱ्या कुणाचा असूच शकत नव्हता. रविवार, ऊन, सरकणारं पान, करपलेलं भांडं. टॉवेल मांडीवर घेऊन वळल्याचं तिला अजूनही आठवत नव्हतं, पण मांडीला आठवत होतं.

“ह्यात झोपवणार होतीस त्याला?” नवऱ्यानं विचारलं. रागानं नाही. त्याला खरंच कळत नव्हतं.

“मी त्याला उठवून लावलं,” ती म्हणाली. “मी मांडलं असं, की ते येऊन गेलंय. येऊन, झोपून, उठून गेलंय. अरे, अजून आलं नाही आणि मी घालवून बसले.”

मग खाली वाकून त्यानं पहिली टाचणी उपटली. मग दुसरी. ती भानावर आली आणि तीही उपटायला लागली; मनगटावरची उशी भरली, मग डावी मूठ भरायला लागली. टाचणी गादीतून निघताना बारीकसा आवाज यायचा, तेवढाच. चादर सैल पडत गेली, तिला सुरकुत्या आल्या, आणि प्रत्येक सुरकुतीकडे तिचा उजवा हात आपोआप जायचा, आणि ती तो मागं घ्यायची. टॉवेल सुटला. नवऱ्यानं तो हुंगला आणि खांद्यावर टाकला. पोट दगडासारखं गप्प होतं. ती त्या दगडावर हात ठेवून उभी राहिली. खोली स्वच्छ होती, हिरवी होती, चौथी भिंतसुद्धा होती, आणि अख्ख्या घरात कुणी श्वास घेत नव्हतं.

“दवाखान्यात जायचं का?” नवऱ्यानं विचारलं. तो कुजबुजला होता. पहाटे भट्टीपाशी दहा माणसांच्या वर आवाज चढवणारा हा माणूस, स्वतःच्या घरात, भर दुपारी, रिकाम्या खाटेपाशी कुजबुजत होता.

“हळू नको,” ती म्हणाली.

“काय?”

“हळू नको बोलूस! मोठ्यानं बोल. भट्टीवर बोलतोस तसं बोल.”

“काय बोलू?”

“काहीही बोल! शिव्या दे. उठू दे त्याला.”

त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, छाती भरून घेतली आणि ओरडला. भट्टीवरच्या सगळ्या आरोळ्या ओरडला. ताटं काढा, दार लावा, करपतंय रे गाढवांनो, सरका, सरका, गरम आहे! भिंती दणाणल्या. खालच्या मजल्यावर कुणीतरी छताला काठी ठोकली. त्यानं त्यांनाही दोन शब्द सुनावले. खाटेच्या कठड्यावर थापा मारल्या, पांढरे पंजे उमटले, आणि ती रडत रडत म्हणत राहिली, “अजून. अजून बोल.” त्याचा घसा बसायला आला. आणि मग आतून एक लाथ बसली. अशी बसली की ती वाकली, डावी मूठ सुटली, आणि टाचण्या सगळ्या जमिनीवर उधळल्या.

“मारली?” तो ओरडला.

“मारली,” ती ओरडली. “बाई गं. मारली.”

दोघंही एकदमच खाली बसली. आधी हसायला म्हणून, मग टाचण्या वेचायला म्हणून. उद्या-परवा इथं बाळ येणार, एकही राहून चालणार नव्हती. पोट सांभाळत, गुडघ्यांवर रांगत ती खाटेखाली शिरली. इतक्या खालून तिनं ही खोली कधी बघितली नव्हती. खोल्या उभ्यानं बघायच्या असतात, मास्तरांनी हेच शिकवलं होतं. इथून खाटेच्या फळीची रंग न दिलेली बाजू दिसत होती, पडद्याची उसवलेली कड, कोपऱ्यात ते रविवारचं पान, आणि नवऱ्याचे पिठानं भरलेले गुडघे. ती तळहात जमिनीवर सपाट टेकवून सरकवत होती, टोचलं की थांबत होती. बाहेरचं ऊन भिंतीवर चढत होतं. तो पलीकडून रांगत येत होता, बसलेल्या घशानं काय वाट्टेल ते बोलत होता, उद्या पाव कुठला करायचा, मालक कसा चोर आहे, पोराला पोहायला कोण शिकवणार.

“झाल्या का सगळ्या?” त्यानं विचारलं.

तिनं मूठ उघडून बघितली. किती होत्या ते तिनं मुळात मोजलंच कुठं होतं?

“एखादी असेल अजून,” ती म्हणाली. “तू बोलत राहा.”